स्क्रममधला डॉक्टर

रग्बीच्या मैदानातून रणांगणावर गेलेल्या एका आयरिश डॉक्टरची ही गोष्ट. तिच्यात नागपूरचं नाव असलेल्या रेल्वेचा एक डॉक्टरही आहे आणि आपल्याच शहरातून चीनच्या युद्धात गेलेले एक डॉक्टरही. दहावीनंतर खेळ बंद करायचं घरात ठरत असेल, तर त्याआधी एवढं वाचून घ्या.

निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि आठवडाभरात घरात एक मीटिंग भरते. आई, बाबा, एखादा काका, कधीकधी शेजारचे रिटायर्ड सर. अजेंडा एकच. ‘आता दोन वर्षं खेळ बंद. नीट क्लिअर झाली की मग काय खेळायचं ते खेळ.’ बूट, नी-कॅप, हॉकी स्टिक असं सगळं पिशवीत भरून माळ्यावर जातं. दोन वर्षांनी ती पिशवी खाली येते तेव्हा बुटांचं माप बदललेलं असतं आणि टीममध्ये जागाही उरलेली नसते. तुमच्या शाळेच्या टीममधले किती जण अकरावीत मैदानावर राहिले, जरा बोटांवर मोजून बघा. एका हाताची बोटं पुरतील.

या मीटिंगमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते. खेळाडू एक माणूस आणि डॉक्टर दुसरा. दोघं एका अंगात राहू शकत नाहीत. म्हणूनच टॉमस क्रीन हे नाव तुम्हाला माहीत असायला हवं. (गुगल केलंत तर आधी दुसराच टॉम क्रीन येईल, अंटार्क्टिकाच्या मोहिमांवर गेलेला. तोही आयरिश, तोही त्याच काळातला. आपला क्रीन वेगळा.)

आपला क्रीन डब्लिनचा. जन्म १९ एप्रिल १८७३. मेडिकलचा विद्यार्थी असतानाच तो आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून रग्बी खेळत होता. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात, स्वतःला गोळी लागलेली असतानाही जखमींवर उपचार करत राहिला म्हणून त्याला ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला. शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी ब्रिटनमध्ये याहून मोठं पदक नाही.

पंधरातला एक

रग्बी आपल्याकडे अजून तशी कमीच खेळली जाते, म्हणून आधी दोन शब्द खेळाबद्दल. चेंडू अंड्याच्या आकाराचा. हातानं पास द्यायचा तर मागे किंवा बाजूला, पुढे नाही. पुढे न्यायचा असेल तर तो छातीशी धरून पळायचं नाहीतर लाथेनं मारायचा. समोरच्या संघाला पळणाऱ्याला धरून पाडायची मुभा असते, त्याला ‘टॅकल’ म्हणतात. कबड्डीतली पकड आठवा. इथे ती सुसाट पळणाऱ्या माणसाची करायची असते.

एका संघात १५ जण. त्यातले आठ फॉरवर्ड. खेळ थांबून पुन्हा सुरू होतो तेव्हा हे आठ जण एकमेकांच्या खांद्यात हात अडकवून, डोकी खाली घालून समोरच्या आठ जणांना रेटतात. हाच तो ‘स्क्रम’. यात एकट्याला हिरो बनता येत नाही. एक जण ढिला पडला तर बाकीचे सात कोसळतात. क्रीन फॉरवर्ड होता. सहा फुटांहून उंच, अंगानं भक्कम.

त्या काळात बदली खेळाडू आत घ्यायची सोय नव्हती. कुणी जखमी होऊन बाहेर गेला की उरलेल्या चौदा जणांनी सामना संपवायचा. त्यामुळे शेजारी पडला की आधी त्याच्याकडे बघायचं, ही सवय खेळाडूला लागायचीच. त्यात माणुसकी होती आणि व्यवहारही होता.

१८९४, १८९५ आणि १८९६ या तीन वर्षांत क्रीन आयर्लंडकडून नऊ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. दरवर्षी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सविरुद्ध एकेक. पहिल्याच वर्षी आयर्लंडनं तिघांनाही हरवलं. अशा तिहेरी विजयाला ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात आणि आयर्लंडचा तो पहिलाच. १८९६मध्ये आयर्लंडनं पुन्हा स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी क्रीन डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधून डॉक्टर म्हणून बाहेर पडला.

तारखा पुन्हा एकदा बघा. आपल्याकडे ज्या वर्षांत बूट माळ्यावर जातात, नेमक्या त्याच वर्षांत हा मुलगा देशाकडून खेळत होता आणि शरीरशास्त्राचे पेपरही देत होता.

तुम्ही लगेच म्हणाल, ‘तेव्हा नीट कुठे होती?’ बरोबर आहे. आज २० लाखांहून जास्त मुलं एका परीक्षेला बसतात. १८९०च्या डब्लिनमध्ये ही रेटारेटी नव्हती आणि मेडिकलला जाणारी बहुतेक मुलं खात्यापित्या घरची असायची. त्यामुळे ‘क्रीनला जमलं, तुम्हाला का जमत नाही’ असं म्हणणं तुमच्यावर अन्याय होईल. मुद्दा त्याहून छोटा आहे. मैदानावरचा क्रीन आणि वॉर्डातला क्रीन एकमेकांच्या वाटेत आले नाहीत. उलट पुढे एका दिवशी ते दोघं एकाच वेळी कामाला आले.

त्याची एक झलक आधीही दिसली होती. १८९१मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डब्लिनजवळच्या ब्लॅकरॉकच्या समुद्रात बुडणाऱ्या एका विद्यार्थ्याला क्रीननं वाचवलं. त्यासाठी रॉयल ह्युमेन सोसायटीचं पदक मिळालं. तेव्हा तो डॉक्टर झालेला नव्हता आणि आंतरराष्ट्रीय खेळाडूही नव्हता.

दौऱ्यावर गेला आणि तिथेच राहिला

१८९६च्या उन्हाळ्यात ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या निवडक खेळाडूंचा संघ जहाजानं दक्षिण आफ्रिकेला गेला. आज ज्या संघाला ‘ब्रिटिश अँड आयरिश लायन्स’ म्हणतात, त्याचाच हा जुना अवतार. २१ सामने झाले, त्यातले १९ जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि एकच हरले. चारही कसोटी सामन्यांत क्रीन खेळला आणि त्यातल्या दोन सामन्यांत कर्णधारही होता.

दौरा संपला. जहाज परतलं. क्रीन आणि त्याचा आयरिश सहकारी रॉबर्ट जॉन्स्टन मात्र मागे राहिले. जोहान्सबर्ग तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं शहर होतं. १८८६मध्ये तिथे सोनं सापडलं आणि जगभरातून लोक येऊन थडकले. क्रीनला तिथल्या हॉस्पिटलमध्ये काम मिळालं आणि मैदानही. गडी खूश.

ऑक्टोबर १८९९मध्ये युद्ध पेटलं. एका बाजूला ब्रिटिश साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूला बोअर लोकांची दोन छोटी प्रजासत्ताकं, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट. बोअर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले, मूळ डच वंशाचे शेतकरी. सोन्याच्या खाणी त्यांच्या ट्रान्सवालमध्ये होत्या. भांडणाची मुळं अनेक होती, पण सोन्याचा मुद्दा वगळून ती समजत नाहीत.

क्रीन आणि जॉन्स्टन ‘इम्पीरियल लाइट हॉर्स’ या घोडदळात दाखल झाले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. क्रीन सुरुवातीला डॉक्टर म्हणून गेलाच नाही. साधा शिपाई म्हणून, हातात बंदूक घेऊन गेला. युद्ध सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २१ ऑक्टोबर १८९९ला एलांड्सलाख्तच्या लढाईत जॉन्स्टननं व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. क्रीन पुढे सर्जन-कॅप्टन झाला, म्हणजे पुन्हा आपल्या मूळ कामाकडे आला.

दीडशे यार्ड

१८ डिसेंबर १९०१. ठिकाण टायगरक्लूफ स्प्रूट. समोर बोअरांचा गाजलेला सेनापती क्रिस्तियान डी वेट आणि त्याची माणसं. ही मंडळी गनिमी काव्यानं लढायची. अचानक यायची, मारा करायची आणि पसार व्हायची. त्यांच्याकडे धूर न काढणाऱ्या काडतुसांच्या माउझर रायफली होत्या. गोळी कुठून येतेय हे कळायच्या आत माणूस पडलेला असायचा.

क्रीन जखमींवर उपचार करत होता तिथून शत्रू फक्त दीडशे यार्डांवर होता. म्हणजे किती? सुमारे १३७ मीटर. जामठ्याच्या स्टेडियमवर एका बाउंड्रीपाशी उभे राहा आणि समोरच्या बाउंड्रीकडे बघा. साधारण तेवढं. त्या टोकाला रायफली रोखलेली माणसं आहेत आणि तुम्हाला मधल्या पिचवर गुडघे टेकून कुणाची तरी मांडी घट्ट बांधायची आहे.

१९०१ साली रणांगणावर डॉक्टर नेमकं काय करू शकत होता? पेनिसिलिन यायला अजून चाळीसेक वर्षं होती. रक्तगट त्याच सुमारास ओळखले जात होते, त्यामुळे रक्त चढवण्याचा प्रश्नच नव्हता. हाताशी असायचं ते थोडकंच. रक्त थांबवायला पट्टा, जखमेवर बांधायला स्वच्छ ड्रेसिंग, मोडलेल्या हाडाला आधार द्यायला फळी आणि वेदना कमी करायला मॉर्फिन. बाकी सगळा भर एका गोष्टीवर असायचा, ती म्हणजे वेळ. मांडीची मोठी धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. मागे तंबूत जखमींची वाट बघत बसणारा डॉक्टर कितीही हुशार असला तरी अशा माणसाला वाचवू शकत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचावंच लागतं.

क्रीन पोहोचत राहिला. त्याला एक गोळी लागली. तो थांबला नाही, पुढच्या जखमीकडे गेला. दुसरी गोळी लागली तेव्हाच त्याचे हात थांबले. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हा काही वाचत नाही. पण तो वाचला. १३ मार्च १९०२ला लंडनच्या सेंट जेम्स पॅलेसमध्ये राजे सातवे एडवर्ड यांनी त्याच्या छातीवर पदक लावलं. तेव्हा क्रीन अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्या दिवशी कुठलं शिक्षण कामी आलं, खेळाचं की मेडिकलचं? पट्टा कुठे बांधायचा हे कॉलेजनं शिकवलं होतं. अंगावर धावून येणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून पडलेल्याकडे जायचं, हे स्क्रममध्ये अंगवळणी पडलं असेल का? खात्रीनं कोण सांगणार? एवढं मात्र नक्की की रग्बीतल्या फॉरवर्डचं निम्मं काम तेच असतं.

नागपूरचं नाव आणि दोन व्हिक्टोरिया क्रॉस

आता आपल्या शहराकडे येऊ. कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. शाळेच्या ट्रिपला गेला असाल. तिथली जुनी इंजिनं आणि डबे आपल्याला ‘बंगाल-नागपूर रेल्वे’च्या, म्हणजे बीएनआरच्या काळात घेऊन जातात. ही कंपनी १८८७ साली स्थापन झाली. नागपूर-छत्तीसगड ही छोटी लाइन तिनं ताब्यात घेतली, ब्रॉडगेज केली आणि पुढे थेट आसनसोलपर्यंत नेली. कारभार कोलकात्यातून चालायचा, पण नावात नागपूर होतं.

१९०४ साली या रेल्वेच्या वैद्यकीय विभागाचा प्रमुख म्हणून एक इंग्रज डॉक्टर रुजू झाला, आर्थर मार्टिन-लीक. त्याच्याकडे तेव्हा एक व्हिक्टोरिया क्रॉस होता आणि तोही क्रीनच्याच युद्धातला. तारीख ८ फेब्रुवारी १९०२, ठिकाण व्लाकफोंटेन. क्रीनच्या घटनेनंतर दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. मार्टिन-लीक तेव्हा ‘साउथ आफ्रिकन कॉन्स्टॅब्युलरी’त सर्जन-कॅप्टन होता. शंभर यार्डांवरून सुमारे चाळीस बोअर गोळ्या झाडत असताना तो एका जखमीकडे गेला. मग एका जखमी अधिकाऱ्याकडे गेला. त्याला नीट झोपवताना स्वतःला तीन गोळ्या लागल्या. तिथले सगळेच जण जखमी होते. पाणी आलं तेव्हा बाकीच्यांना मिळाल्याशिवाय त्यानं घोटही घेतला नाही.

गोष्ट इथे संपत नाही. १९१४मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मार्टिन-लीक चाळीस वर्षांचा होता. रेल्वेतली पक्की नोकरी होती, पदक होतं, कुणी बोलावलं नव्हतं. तो भारतातून युरोपात गेला आणि फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये लेफ्टनंट म्हणून दाखल झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१४मध्ये बेल्जियमच्या झोनेबेकजवळ शत्रूच्या खंदकांच्या अगदी तोंडाशी पडलेल्या अनेक जखमींना त्यानं गोळीबारात उचलून आणलं. दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस. दोनदा हा मान मिळवणारा तो जगातला पहिला माणूस. युद्धानंतर तो पुन्हा बीएनआरच्या कामावर परतला आणि १९३७ला निवृत्त झाला.

आजवर हे पदक दोनदा मिळवणारे फक्त तिघं आहेत. त्यातले दोघं सैन्यातले डॉक्टर. दुसरा डॉक्टर म्हणजे नोएल चव्हास. हाही खेळाडू बरं का! १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो आणि त्याचा जुळा भाऊ दोघंही ४०० मीटर धावले होते. चव्हासला पहिला क्रॉस १९१६ला मिळाला. दुसरा १९१७च्या लढाईसाठी मिळाला, पण तो बघायला चव्हास राहिला नाही. त्याच लढाईतल्या जखमांनी ४ ऑगस्ट १९१७ला तो गेला. वय ३२.

युद्धाची दुसरी बाजू

इथे थोडं थांबायला हवं. क्रीनच्या शौर्यावर टाळ्या वाजवताना तो कुणाच्या बाजूनं लढत होता, हे विसरता येत नाही. याच युद्धात ब्रिटिशांनी बोअरांची शेतं आणि घरं जाळली. बायका-मुलांना छावण्यांमध्ये कोंडलं. तिथे रोगराई आणि उपासमारीनं २६ हजारांहून जास्त बोअर बायका-मुलं मेली. कृष्णवर्णीय आफ्रिकनांसाठी वेगळ्या छावण्या होत्या, तिथेही हजारो मेले. ब्रिटिश सैन्यातही गोळीपेक्षा टायफॉइडसारख्या आजारांनी जास्त बळी घेतले.

या रणांगणावर आपली माणसंही होती. मोहनदास गांधी तेव्हा नाताळमध्ये वकिली करत होते. त्यांनी सुमारे ११०० भारतीयांचं ॲम्ब्युलन्स पथक उभं केलं. त्यातले बहुसंख्य करारानं बांधलेले मजूर होते. कोलेन्सो आणि स्पिऑन कोपच्या लढायांमध्ये या पथकानं जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेलं, कधीकधी दिवसाला वीस-वीस मैल. गांधीजींची सहानुभूती खरं तर बोअरांकडे होती. पण ब्रिटिश नागरिक म्हणून हक्क मागायचे तर जबाबदारीही घ्यायला हवी, असं त्यांचं तेव्हाचं म्हणणं होतं. पुढे त्याच साम्राज्याविरुद्ध उभे राहून ते आपल्या शेजारी सेवाग्रामला येऊन राहिले, हे तुम्हाला माहीतच आहे.

युद्ध कुणी आणि कशासाठी सुरू केलं याचा हिशेब झालाच पाहिजे. मांडीतून रक्त वाहणाऱ्या पोराकडे धावत जाणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागतो. दोन्ही वह्या उघड्या ठेवल्या, तरच क्रीनची गोष्ट खरी वाटते.

पदकानंतरची वर्षं

सिनेमा असता तर राजवाड्यातल्या सीनवर संपला असता. क्रीनचं आयुष्य पुढे २१ वर्षं चाललं. तो ब्रिटनच्या आर्मी मेडिकल कोअरमध्ये गेला, नंतर बाहेर पडून लंडनमध्ये प्रॅक्टिस सुरू केली. १९०५मध्ये व्हिक्टोरिया हेरेदिया या स्पॅनिश तरुणीशी लग्न केलं.

१९१४ला पुन्हा युद्ध आलं आणि चाळिशी ओलांडलेला क्रीन पुन्हा वर्दीत गेला. घोडदळाच्या ब्रिगेडबरोबर काम केलं, १९१५मध्ये ‘डीएसओ’ हे आणखी एक पदक मिळवलं आणि पुढे ४४व्या फील्ड ॲम्ब्युलन्सचं नेतृत्व केलं. फ्रान्समधून परतला तेव्हा तब्येत ढासळली होती. प्रॅक्टिस पुन्हा नीट बसली नाही, पैशांची ओढाताण सुरू झाली. १९२२मध्ये त्याला दिवाळखोर जाहीर करण्यात आलं. २५ मार्च १९२३ला मधुमेहानं त्याचा मृत्यू झाला. पन्नाशी गाठायला महिनाही उरला नव्हता.

यातला चटका लावणारा तपशील असा की जानेवारी १९२२मध्येच टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं होतं. क्रीन गेला तेव्हा ते औषध जगभर पोहोचायला नुकती सुरुवात झाली होती. रणांगणावर जखमींपर्यंत वेळेत पोहोचणाऱ्या या डॉक्टरपर्यंत त्याचं औषध वेळेत पोहोचलं नाही.

हे मुद्दाम सांगितलं. आपल्याकडे पदक मिळवणाऱ्याची मिरवणूक निघते, बॅनर लागतात, दोन महिन्यांनी बॅनरचा रंग उडतो. पुढे त्या खेळाडूचं आणि त्या सैनिकाचं काय झालं, हे विचारायला कुणी जात नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनमध्येही चित्र फार वेगळं नव्हतं.

आपल्या वहीतली नावं

‘हे सगळं गोऱ्यांचं झालं, आपलं काय?’ असं कुणीतरी विचारणारच. तर घ्या.

१९३८ साली जपाननं चीनवर आक्रमण केलेलं असताना काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या पाचांतलं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या ३२व्या वर्षी ते तिथेच गेले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमाही काढला. पण त्या पथकाचे उपप्रमुख होते डॉ. चोळकर, आणि ते आपल्या नागपूरचे! किती नागपूरकरांना हे माहीत आहे? आज कॉलेजच्या ग्रुपवर विचारून बघा.

स्वतंत्र भारताच्या सैन्यातलं नाव हवं असेल तर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. कोरियाच्या युद्धात भारतानं लढाऊ तुकडी पाठवली नाही, डॉक्टरांची पाठवली. ती म्हणजे ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स. मार्च १९५१मध्ये या तुकडीतल्या मोजक्या जणांनी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उड्या घेतल्या आणि खाली उतरून जखमींवर उपचार केले. प्रमुख होते रंगराज. त्यांना महावीर चक्र मिळालं.

आणि डॉक्टर, आंतरराष्ट्रीय खेळाडू व रग्बी हे तिन्ही धागे एकत्र बघायचे असतील, तर गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात ते होते. डॉक्टरकी सांभाळून ते त्या पातळीवर खेळले, पुढे क्रीडावैद्यकशास्त्रात काम केलं आणि भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्षही झाले. टेनिसपटू लिएंडर पेस त्यांचा मुलगा. ऑगस्ट २०२५मध्ये डॉ. पेस गेले. युद्ध त्यांच्या वाट्याला आलं नाही. पण ‘खेळ की मेडिकल’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी ऑलिम्पिकचं पदक गळ्यात घालून दिलं होतं.

तुमच्या मीटिंगसाठी

आता पुन्हा तुमच्या घरातली ती मीटिंग. तिथे क्रीनचं नाव काढून वाद जिंकता येणार नाही. ‘तो आयर्लंडचा, तू मानेवाड्याचा’ हे उत्तर तयारच असेल. तेव्हा थोडी व्यवहाराची माहिती जवळ ठेवा.

डॉक्टर व्हायचंय आणि वर्दीही खुणावतेय, तर पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी आहे. प्रवेश नीटमधूनच होतो. पण नुसत्या गुणांवर भागत नाही. मुलाखत होते आणि शारीरिक तपासणी तर आहेच. शिकून झाल्यावर ठरलेली वर्षं सैन्यात सेवा द्यावी लागते. दुसऱ्या कॉलेजातून एमबीबीएस करून शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या मार्गानंही सैन्यात डॉक्टर होता येतं. दोन वर्षं फक्त खुर्चीत बसलेलं शरीर अशा तपासणीला कसं उभं राहील, हा प्रश्न मीटिंगमध्ये जरूर मांडा.

खेळ मोठ्या पातळीपर्यंत नेलात, तर दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण असतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. नियम आणि कागदपत्रं जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन नीट समजून घ्या. ऐकीव माहितीवर राहू नका.

आणि हे काहीच नको असेल, फक्त डॉक्टर व्हायचं असेल, तरीही रोजचा एक तास मागून घ्या. दोन तास नाही, एकच. वॉर्डातलं काम एकट्याचं नसतं. सिस्टर, वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, सिनियर, ज्युनियर सगळे खांद्याला खांदा लावून रेटतात तेव्हा पेशंट वाचतो. नाइट ड्युटीत रात्री तीन वाजता पाय दुखत असताना, शेजारचा थकलेला असताना, पुढच्या बेडकडे जावंच लागतं. क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये याचा सराव होत नाही. टीमच्या प्रॅक्टिसमध्ये होतो.

नागपुरातून दरवर्षी ढीगभर डॉक्टर बाहेर पडतात. तुम्हीही त्यांतले एक व्हाल. फक्त जाताना बूट बरोबर घेऊन जा.

चौकट : रग्बी आणि आपण

• इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात दरवर्षी खेळला जाणारा ‘कलकत्ता कप’ भारतात बनला. कलकत्ता फुटबॉल क्लब बंद करताना बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून १८७८मध्ये हा चषक घडवला गेला. त्याच्यावर हत्ती आणि नाग कोरलेले आहेत.

• सात जणांची ‘रग्बी सेव्हन्स’ २०१६च्या रिओ ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. प्रत्येकी सात मिनिटांचे दोन डाव, म्हणजे सामना पाऊण तासाच्या लेक्चरपेक्षाही लवकर संपतो.

• अभिनेता राहुल बोस भारताच्या राष्ट्रीय रग्बी संघातून खेळला आहे.

• जून २०२५मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात ‘रग्बी प्रीमियर लीग’चा पहिला हंगाम झाला.